बँड थांबतो ती जागा

आबा, तुमच्यावर पिच्चर निघाला. खोटं सांगत नाही. गावातल्या हायस्कूलच्या पोरांनी मोबाइलवर काढला आणि आमची नात त्यात पुढारी. ती म्हणते, "आज्जे, पिच्चर न्हाई गं, डॉक्युमेंट्री म्हणत्यात." मी म्हटलं, माणसं हलतात, बोलतात, मधेच गाणं लागतं, मग तो पिच्चरच. नववीत आहे, पण मला शिकवायची एक संधी सोडत नाही. विषय काय, तर गावची जुनी बँडपार्टी, म्हणजे तुमचीच. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, लाल डगले उंदरांनी खाल्ले, ढोलाचं कडं कुणाच्या तरी शेळीच्या दाव्याला आहे, आणि ह्यांना आता बँडपार्टी आठवली. पण आठवली, हे मात्र लय बरं झालं. मला इतका हुरूप आला की दोन वेळा चहात मीठ टाकलं. सून नुसती बघत राहिली. तिचं बघणंही बोलण्यासारखंच असतं.

तुमच्या वाजवण्याच्या तीन कॅसेटी माझ्याकडं आहेत आणि त्या मी कुणाच्या हाताला लागू देत नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे. पोरं घरी आली तेव्हा मी त्यांना चटईवर बसवलं आणि तिन्ही ऐकवल्या. पहिली सांगलीच्या रेडिओवरची. स्वच्छ आहे, एक सूर इकडचा तिकडं नाही, आणि मला ती मुळीच आवडत नाही. तुम्ही त्या दिवशी घाबरला होता. कडक इस्त्रीचा सदरा घालून गेलात आणि त्या सदऱ्यासारखंच वाजवलंत. दुसरी जत्रेतली. तिच्यात भेळवाला ओरडतो, पाळणा कुरकुरतो, ढोलवाला पिऊन आलाय हे बहिऱ्यालाही कळेल, आणि तुमचा क्लॅरनेट त्याला मानगुटीला धरून असा पळवतो की ती लावली की माझ्या भाकरी पटापट थापून होतात. पण तिसरी ती तिसरी. वरातीतली. तिच्यापुढं बाकीच्या दोन नुसत्या कॅसेटी.

ही आमच्या ह्यांनी भरली. फौजेतून सुट्टीवर येताना टेप आणला होता, तो गळ्यात अडकवून वरातीत तुमच्या पाठीमागं चालले. जावयानं सासऱ्यामागं असं हिंडावं, लोक तोंडाला पदर लावून हसले. मला गावातल्या गावातच दिलेली, म्हणून मीही होते, पण मागं, बायकांच्या घोळक्यात. वरात देवळापासून निघते. तुम्ही पहिल्यांदा हळू घेता, जरा खेळवता, मग वर चढता आणि वर गेल्यावर असा एक हेलकावा देता की अजून माझ्या अंगावर काटा येतो. आणि तिथंच, ओळ अर्धी असताना, बँड थांबतो. वळणावरच्या घरात सुतक होतं, म्हातारी नुकतीच गेलेली. सुतकाच्या दारावरनं वाजवत जायचं नाही, तुमच्या बँडची ती रीत होती. पण वऱ्हाड वाईकडचं, त्यांना घाई. टेपात नवऱ्याचा मामा ओरडतो, "आवं मास्तर, वरात हाय का मयत? वाजवा की!" पुढं काही नाही. मग ते घर मागं पडल्यावर तुम्ही बरोबर त्या अर्ध्या ओळीपासून पुढं उचलता. पहिल्यापासून नाही, त्याच सुरापासून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरच्या चुलीपाशी होते. तुम्ही बशीत पाणी घेऊन क्लॅरनेटची तोंडाशी लावायची पत्ती भिजत घातलेली, आणि आई ती बशी कुठं हलवू म्हणून पुटपुटत होती. मी विचारलं, त्या घरानं तुम्हाला कवा ओट्यावर टेकू दिलं नाही, वाजवून दमल्यावर पाणी दिलं ते वरून ओतून, त्यांच्यासाठी एवढं भरल्या वरातीत कशाला थांबायचं? मामाच्या शिव्या खाऊन? तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणालात, "तू कढई घास." मी घासली. आणि तुम्ही काय केलंत, तर झिजलेली जुनी पत्ती माझ्या हातात दिलीत, सायीची खरवड काढायला. हे तुमचं उत्तर. लय राग आला होता आबा. पत्तीनं खरवड मात्र चांगली निघायची.

तर पिच्चर. हायस्कूलच्या सरांनी वरातीची कॅसेट कॉम्प्युटरात भरून घेतली, भरताना आवाज येत नव्हता, तरी मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. शनिवारी शाळेच्या पटांगणात गावाला दाखवायचा आणि मग सांगलीला स्पर्धेत पाठवायचा, असं ठरलेलं. गुरुवारी नातीनं मला तयार झालेला दाखवला. तुमचा फोटो आला, वळण आलं, क्लॅरनेट वर चढला आणि चढतच पुढं गेला. बँड थांबलाच नाही. मामाही नाही. मी विचारलं, मधलं कुठं गेलं? ती म्हणाली, "आज्जे, तिथं टेप खराब झालीय, नुसतीच खरखर. काढली आमी." सुतकाच्या दारावरनं माझ्या बापाला वाजवत नेलं की हो ह्या पोरांनी. हयातीत जे केलं नाही ते मेल्यावर करायला लावलं.

मी चपला घातल्या आणि शाळेत गेले. सर चांगले आहेत, तरणे आहेत, मला खुर्ची दिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, मला पटतंय. पण एवढा वेळ आवाज नसला तर बघणाऱ्याला वाटंल स्पीकर बिघडला. स्पर्धेतनं पिच्चर बाद झाला तर पोरांची म्हयन्याची मेहनत जाईल." मी म्हटलं, वाटू द्या बिघडला. थांबत नसेल तर तो बँड आमचा नव्हं, माझी कॅसेट पिच्चरमधनं काढा. नातीचं तोंड एवढंसं झालं. घरी येईस्तोवर ती दहा पावलं पुढं चालली. मीही हाक मारली नाही. दोघी एकाच मुशीतल्या.

शुक्रवारी दुपारी मी शेंगा फोडत बसले होते, तर ही पळत आली, सरांचा कॉम्प्युटर छातीशी धरून. "आज्जे, हात पूस, हे कानाला लाव." कानाला लावायचे ते गोल बोळे माझ्या डोक्यावर बसवले. "सर म्हणाले, परत लावू. लावायच्या आधी मी ती जागा मोठ्या आवाजात ऐकली. खरखर न्हाई ती. ऐक." पहिल्यांदा वहाणांचा आवाज आला, पुष्कळ वहाणांचा. मामा ओरडला. आणि मग अगदी जवळून, ह्यांच्या टेपाच्या तोंडाशी बोलल्यासारखं, तुम्ही. "पाय बी हळू टाका रं. आत माणसं बसल्यात." आणि आबा, वहाणांचा आवाज खरंच कमी होतो.

नात म्हणाली, "पणजोबाच हायत न्हवं?" मी मान हलवली. शेंगा तशाच राहिल्या.

शनिवारी पटांगण भरलं होतं. ती जागा आली तेव्हा पडद्यावर पोरांनी नुसतं ते वळण दाखवलं, रिकामं. मागून कुणीतरी बोंबललंच, "आवाज गेला रं!" सरांनी माझ्याकडं बघितलं. मी हललेही नाही. मग भल्यामोठ्या काळ्या स्पीकरमधनं तुम्ही सगळ्या गावाला पाय हळू टाकायला सांगितलंत. वळणावरच्या त्या घरातली तेव्हाची सून माझ्या पुढच्याच रांगेत होती, तीही आता म्हातारी झाली. ती वळली, हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढं केली. तहान नव्हती मला. तरी घेतली, आणि तोंड लावून प्याले. स्पर्धेत काय होईल ते होवो, सरांनी पिच्चर तसाच पाठवलाय.

नातीनं नंतर विचारलं, "आज्जे, इतकी वर्सं ती कॅसेट लावतीस, तुला कवाच कसं ऐकू आलं न्हाई?" मी सांगितलं, आमचा टेप जुना, त्याला कुठलं ऐकू येतंय. तुम्हाला खरं सांगते. ती जागा आली की मी बटण दाबून पुढं ढकलायचे. मोकळ्या जागेत सेल कशाला जाळायचे, म्हणून. सरांपुढं एवढी भांडले, पण ती पुरी कधी ऐकलीच नव्हती. आता नातीनं ते सगळं मोबाइलमध्ये घालून दिलंय आणि मी उलटं करते. वाजवणं पुढं ढकलते आणि तेवढी मोकळी जागाच ऐकते. रागावू नका, वाजवणं अजूनही चांगलंच आहे. हा कागद घडी करून वरातीच्या कॅसेटच्या डबीत ठेवणार होते, पण लिहिलं जास्त, डबी मिटेना.