फडक्यांच्या चित्राची वाटणी

"शाळेत चित्र म्हणून फडकी टांगली!" असा बोभाटा करणाऱ्या पालकांपैकी एकानेही ती फडकी जवळ जाऊन बघितली नव्हती, हे आधी नमूद करते. बाकीचं मग. मी या शाळेत बावीस वर्षं फरशी पुसते. शिक्षण चौथी. अठरा तारखेला छातीचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणी दटावलेलं नाही, आणि हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे.

एक. राहती खोली माझ्या नावावर आहे. माझ्यामागे ती माझ्या एकुलत्या लेकीची. थोरल्या दिरांनी मध्ये तोंड घालू नये. सहा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलेली माझी शिडी त्यांनाच दिली. पडू नका म्हणजे झालं.

दोन. पोस्टातली शिल्लक आणि शिलाई मशीन लेकीला. सुई वाकडी आहे, बदल.

तीन. चित्रकलेच्या बाईंनी दहावीच्या मुलींना सांगितलं, घरातल्या माणसाचं चित्र करा, पण माणूस काढायचा नाही. मी फाटलेलं फडकं टाकत नाही. शाईचं वेगळं, प्रयोगशाळेचं वेगळं, जिन्याचं वेगळं. लेकीने ती डागांसकट जोडून पलंगाएवढी केली आणि वर्गात लावली. पालकसभेत एक जण म्हणाला, "ही कला? मग उद्या केरसुणी टांगाल!" सगळे हसले. हेडसरांनी माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीच म्हणाले, "काढते सर. नसते थेर."

काढलं, घरी आणलं आणि सोड्यात भिजवून खसाखसा धुतलं. मळका कपडा परत द्यायची मला सवय नाही. लेक आली, दोरीकडे बघत राहिली. म्हणाली, "आई, अगं, ती तू होतीस."

चार महिने झाले. "वाढ" आणि "पुरे" याच्यापुढे ती माझ्याशी बोललेली नाही.

चार. मला ते अजूनही आवडत नाही. फुलदाणी काढली असती तर काय बिघडलं असतं? पण मी ते उतरवत होते तेव्हा पहिलीतली एक पोर विचारत होती, "मावशी, एवढं सगळं कोणी पुसलं?" बावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. फुलदाणी बघून कोणी विचारलं असतं का?

म्हणून ते कापड, अर्धे डाग गेलेलं, चित्रकलेच्या वर्गाला देते. भिंतीवर लावायचं, कपाटात कोंबायचं नाही. इस्त्री करायची नाही. फडकी माझी, पण चित्र लेकीचं, तेव्हा तिची परवानगी लागेल. ती तोंडाने मागायला जमलं नाही, इथे मागते.

साक्षीदार: शाळेचा शिपाई (चष्मा विसरला, म्हणून मी वाचून दाखवलं). शेजारची शिंपीण.
ठिकाण: माझी खोली. सोमवार, तारीख नऊ.
सही.

एक प्रत हेडसरांच्या टेबलावर, एक लेकीच्या दप्तरात ठेवली आहे. सर, लावणार की नाही, ते सतरा तारखेच्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. "बघू" चालणार नाही.

लेकी, तुझीही मुदत तीच. पण तू लिहू नकोस. तोंडाने सांग.