सिंहासारखे की विंधलेले

पपा, कारपोर्टजवळचा तुमचा बाक आज उचलून नेला. तिथे आता आणखी एक गाडी उभी राहील. कॅलिफोर्नियातल्या या सनीव्हेलमध्ये तुमच्या वेळचं, ऐंशीच्या दशकातलं तसंही काय उरलंय! मी खिडकीतून बघत राहिले आणि तुमच्याशी बोलावंसं फार वाटलं.

नगरहून माझ्याकडे राहायला आलात तेव्हा तुम्ही चर्चचे निवृत्त पाळक होतात, पण तुम्हाला गप्प बसवतंय कोण! येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आपला ख्रिस्ती लोकांचा ‘सलाम’ ठोकायचात. लोक गोंधळून ‘हाय’ म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या ज्यू काकांनी मात्र एकदा ‘शालोम’ म्हणून उत्तर दिलं आणि तुमची गट्टीच जमली. ते सिनेगॉगमध्ये मुलांना हिब्रू शिकवून निवृत्त झालेले. मी सांता क्लाराच्या चिप कंपनीतून दमून घरी यावं, तर किचनच्या टेबलावर चहाचे कप, तुमचं मराठी बायबल, त्यांचं हिब्रू, आणि दोघांचाही आवाज चढलेला.

बायबलातलं तुमचं लाडकं स्तोत्र एकच, देवानं टाकून दिलेल्या माणसाच्या आक्रोशाचं. येशूनंही क्रूसावर त्याचीच पहिली ओळ म्हटली होती. दर उत्तम शुक्रवारी, क्रूसाच्या त्या दिवशी, तुमचा उपदेश त्याच्यावरच. लहानपणी घरच्या प्रार्थनेत ते वाचताना मी रडवेली होऊन मध्येच थांबले, तर केवढ्यानं ओरडला होतात! “अर्ध्यावर सोडायचं नाही. शेवटी स्तुती आहे, तिथपर्यंत जायचं.”

एका संध्याकाळी तुम्ही त्या स्तोत्रातल्या हातापायांच्या ओळीवर बोट ठेवता. “माझे हातपाय विंधले,” तुम्ही म्हणता. “धिस इज अवर लॉर्ड ऑन द क्रॉस.” काका आपलं हिब्रू पुस्तक पुढे ओढतात. मग सांगतात की त्यांच्या पुस्तकात तिथे ‘सिंहासारखे’ असा शब्द आहे. हिब्रूत एका अक्षराची शेपटी थोडी लांबली की शब्द बदलतो. जुन्या ग्रीक भाषांतरात ‘खणले, भोसकले’ अशा अर्थाचा वेगळा शब्द आला, पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी तोच वाचला. क्रूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता, त्यामुळे त्या जुन्या आक्रोशात त्यांना येशूच दिसला.

“इथवर माझं भांडण नाही,” काका म्हणाले. “पण पुढे त्यांच्यातले काही म्हणायला लागले, ज्यूंनीच शब्द फिरवला. असल्या आरोपांपायी आम्ही फार मार खाल्लाय.”

“मग ते गाणं होतं कुणाचं?” तुम्ही विचारलंत.

“दाविदाच्या नावावर आहे. पण होता कुणीतरी आजारी, घाबरलेला माणूस. मला एवढंच दिसतं.”

तुमचा चेहरा पडला. त्या वर्षी इथल्या मराठी चर्चच्या मंडळीनं उत्तम शुक्रवारचा उपदेश करायला सांगितला, तर तुम्ही म्हणालात, “या वर्षी मी ऐकणार.” मला काकांचा भयंकर राग आला. आयुष्यभर ज्या ओळीवर तुम्ही उभे होतात, तीच त्यांनी पायाखालून काढून घेतली होती. आता या वयात तुम्ही कशाला धरून राहणार, या विचारानं माझा जीव तुटायचा.

आणि मग कॅन्सर निघाला. हॉस्पिटलात तुमचे दोन्ही हात सुयांनी काळेनिळे झालेले, हाताला शीर सापडेना म्हणून नर्सनं पायालाही सुई टोचलेली. काका आले आणि दारातच घुटमळले. तुम्हीच “सलाम” म्हणालात, त्यांना जवळ बसवलंत आणि ते स्तोत्र हिब्रूत म्हणायला लावलंत. त्या शब्दाशी येऊन ते अडखळले. तुम्ही सुई टोचलेला हात जरासा उचललात. “टुडे, माय रीडिंग.” काका हसले, आणि हसताहसताच रडायला लागले.

मग तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, “आधी ते त्या आजारी माणसाचं होतं ग. क्रूसावर प्रभूनंही त्याच्याकडून उसनंच घेतलं. आता माझी पाळी.”

एवढं बोलायलाही तुम्हाला धाप लागली होती. काका पुढे म्हणत राहिले. मला सोसवेना, मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले. तुम्ही तिथून घरी आलाच नाहीत. आता काकाही नाहीत.

बाक गेल्यावर मी तुमचं बायबल काढलं. पपा, स्तुतीपर्यंत मी अजून एकदाही पोचले नाहीये. त्या शब्दाशी मला ना सिंह दिसतो ना क्रूस, तुमचे हातपाय दिसतात, आणि मी पुस्तक मिटते. आजही मिटलं. ओरडू नका.