बसऱ्याच्या वाटेवर

ओमानजवळ, जहाजावरून
१४ ऑक्टोबर १९९०

तीर्थरूप अव्वाच्या पायांवर प्रभुलिंगचा नमस्कार.

मी बरा आहे, दोन वेळा जेवतो. तुझा गुडघा कसा आहे? मळीतलं कृष्णेचं पाणी उतरलं का?

इराकनं कुवेत घेतलं म्हणून अमेरिका-इंग्लंडच्या लढाऊ जहाजांनी बसऱ्याची वाट अडवली आहे. आमच्याकडे नुसता चहा, तरी सोडत नाहीत. मालक परत बोलवत नाही, किनाऱ्यावर उतरू देत नाहीत. दिल्लीची बोलणी चालू आहेत म्हणे. माझ्याबरोबरचा खलाशी, शिवाजी पेठेतला उमर म्हणतो, "भांडण दोघा दांडग्यांचं, अन् कोंडलंय आपल्याला की!"

मुंबईला पोचल्यात जमा आहे, असं मी मागं लिहिलं, ते खोटं होतं. तुम्ही काळजी करू नये म्हणून लिहिलं. धाकट्या बसाप्पाची तार वायरलेसवर चार दिवस उशिरा मिळाली: "अप्पा गेले. बसवून ठेवलंय. माती द्यायला ये."

अव्वा, माझ्या त्या एका ओळीपायी, मातीआधी आपल्या लिंगायत रीतीनं बसवलेले अप्पा माझी वाट बघत किती वेळ बसून राहिले?

दिवसकार्य माझ्यासाठी अडवू नका. बसाप्पाच्या हातून करा. मी कधी सुटेन ते मला माहीत नाही. हे मात्र खरं लिहितोय.

तुझा,
प्रभुलिंग