नऊ नंबरच्या खोलीतली टिबिया

मोंगू,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय चूल्वे हिला,

एक गुडघा टेकून (उजवा, डावा आता टेकत नाही, टेकला तर उठत नाही) आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून मोंगूच्या नामाकाऊचा लोझी रीतीचा नमस्कार पोचावा.

तुझ्या गाई कशा आहेत? रीतीप्रमाणे आधी तुझी प्रकृती विचारायला हवी, पण टोंगा माणसाला गाईंची खुशाली आधी विचारली नाही तर त्याचं पुढच्या बोलण्याकडे लक्ष लागत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. वासरं किती झाली, तांबडी दूध देते की अजून रुसलेली आहे, ते कळव. त्यानंतर नवऱ्याचा खोकला कसा आहे ते कळव. जागा उरली तर स्वतःचंही कळव. (रागावू नकोस. तुमची आमची पिढ्यानपिढ्यांची थट्टेची सोयरीक आहे. लोझीने टोंगाला टोमणा मारला नाही तर वाडवडील नाराज होतात, आणि या वयात मला त्यांना नाराज करायचं नाही, लवकरच भेट व्हायची आहे.)

इकडे मी ठीक. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी लोक कुंपणाशी येऊन, "सिस्टर, जरा बघता का?" म्हणून दंड पुढे करतात. रक्तदाब मोजायचं यंत्र मी हॉस्पिटलात परत केलं आहे हे त्यांना सांगितलं तर म्हणतात, "हाताने बघा, तुम्हाला अंदाज असेल." मीही बघते आणि मीठ कमी करायला सांगते. आतापर्यंत कोणाचं वाईट झालेलं नाही.

तर मी कासामाला, आपल्या कासुबाकडे, गेले होते. पत्र खाली ठेवू नकोस. फोनवर कासुबाचं नाव निघालं की तू पावसावर येतेस आणि पावसावरून मक्यावर. पण कागदावर तुला विषय बदलता येणार नाही, विषय माझ्या हातात आहे. कासुबाच्या धाकट्या मुलीचं, बुपेचं, लग्न ठरलं आहे, आणि आधी किचन पार्टी होती. बायकाबायकांनी जमून पोरीचं स्वयंपाकघर भरून द्यायचं, आणि संसाराबद्दल आपल्याला स्वतःला कधी जमल्या नाहीत अशा गोष्टी तिला शिकवायच्या. मी वीस माणसांची मक्याच्या पिठाची न्शिमा शिजेल असं पातेलं घेतलं. रिकामं भांडं देऊ नये म्हणून त्यात आमच्या नदीचे सुकवलेले मासे काठोकाठ भरले. इथेच चुकलं.

लुसाकापर्यंत कोणी काही बोललं नाही, कारण त्या बसमध्ये सगळे आमचेच लोक, प्रत्येकाजवळ मासे. लुसाकाला बस बदलली. दुपारपर्यंत पातेलं उन्हाने तापलं आणि माशांनी आपली ओळख करून द्यायला सुरुवात केली. कंडक्टर आला.

"आजी, हे मासे कुठे उतरणार?"

"माझ्याबरोबर. कासामाला."

"मग तुम्ही मधेच कुठे उतरता का?"

मी तिकीट दाखवलं. तिकिटावर माशांबद्दल एक अक्षर नव्हतं, ना बाजूने ना विरुद्ध. शेवटी पातेलं खालच्या सामानाच्या कप्प्यात गेलं. कासामाला उतरलो तेव्हा प्रत्येकाच्या पिशवीला, गाद्यांना, एका पाद्रीबुवांच्या झग्यालासुद्धा तोच वास येत होता, त्यामुळे मला एकटीला बोट दाखवणं कोणाला शक्य राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पार्टी. तुला माहीतच आहे, भेट नुसती हातात द्यायची नसते, ढोलाच्या तालावर नाचत आणायची असते. मी पातेलं डोक्यावर घेऊन निघाले. दोन पावलांनंतर डाव्या गुडघ्याने राजीनामा दिला. कासुबाकडच्या बेम्बा बायकांना वाटलं की हा लोझी नाच आहे. त्या इतक्या खूश झाल्या की माझ्यामागे शंभरेक बायका एक पाय ओढत नाचू लागल्या. बुपेच्या होणाऱ्या सासूने तर तो नाच पुन्हा करून दाखवायला लावला.

मग कासुबा उठली. ती अजून तशीच, काठीसारखी सडसडीत. (तू आणि मी मात्र पसरलो. माझा तरी उपाय नाही, पण तू दही कमी कर.) ती म्हणाली, "ही माझी नर्सिंग स्कूलची मैत्रीण. हिला बोलू द्या. नाही दिलंत तरी बोलेलच." मी उभी राहिले आणि आपल्या नऊ नंबरच्या खोलीतल्या कोंबडीची गोष्ट सांगितली. तुला ती पाठ आहे. तरी मी कशी सांगितली ते लिहिते, कारण मैत्रिणींपैकी कोणी एकीने गोष्ट परस्पर सांगितली की ती नेमकी काय म्हणाली हे जाणून घ्यायचा दुसरीला हक्क असतो.

मी सांगितलं की त्या वर्षी दुकानांत साबण नव्हता, तेल नव्हतं, साखर नव्हती, आणि हॉस्टेलात सकाळ-संध्याकाळ न्शिमा आणि घेवडा होता. त्या घेवड्यात दाण्यांपेक्षा खडे जास्त होते. ईस्टरला तुझ्या वडिलांनी मोंझेहून बसच्या ड्रायव्हरच्या हाती टोपलीत घालून जिवंत कोंबडी पाठवली, तिघींनी मिळून खा म्हणून. तू सुरी घेऊन धोबीखान्यामागे गेलीस आणि कोंबडी आणि सुरी दोन्ही घेऊन परत आलीस.

"ती माझ्याकडे बघते गं," तू म्हणालीस.

"चूल्वे, तू परवा एका माणसाचा फोड कापलास. तोही बघत होता," कासुबा म्हणाली.

"तो ओरडत होता. ही विश्वासाने बघते."

आणि तू तिला नाव दिलंस. दुसऱ्या दिवशी पायाच्या हाडांची तोंडी परीक्षा होती, त्यामुळे नडगीच्या हाडाचं. टिबिया. नाव दिल्यावर खायचा प्रश्न मिटला. टिबिया तुझ्या पलंगाखाली सलाईनच्या खोक्यात राहू लागली आणि एका दिवसाआड अंडं देऊ लागली. अंडं एक आणि आपण तिघी, म्हणून कासुबाने आळीपाळीचा तक्ता केला आणि तो कपाटाच्या आतल्या बाजूला 'औषधाच्या वेळा' असं शीर्षक देऊन चिकटवला.

अडचण एवढीच की टिबिया अंडं दिल्यावर पहाटे पहाटे गावाला सांगायची. तिचा आवाज झाकायला कासुबा ताडकन उठून मोठ्याने प्रभूची स्तोत्रं म्हणायची. आठवड्याने मेट्रन सिकाझ्वे यांनी सगळ्या मुलींसमोर सांगितलं, "नऊ नंबरच्या मुलींकडून शिका. सूर्य उगवायच्या आधी प्रार्थना!" मग आठ नंबर लाजेने गाऊ लागली, दहा नंबर चढाओढीने, आणि महिनाभरात अख्खं हॉस्टेल पहाटे असं गर्जायला लागलं की पुरुषांच्या वॉर्डातून तक्रारी आल्या. टिबियाला सुखाने ओरडता येऊ लागलं.

इथपर्यंत सांगितलं तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. मग तो शनिवार सांगितला. मेट्रन आल्या, त्यांनी कपाट उघडलं नाही, खिडकी पाहिली नाही, सरळ तिसऱ्या पलंगापाशी जाऊन वाकल्या आणि खोका बाहेर ओढला.

"नर्स चूल्वे, ही कोण?"

"टिबिया, मॅडम."

मेट्रनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "शरीरात टिबिया दोन असतात. दुसरी कुठे आहे?"

यावर तिथे इतकं हसू झालं की ढोलवालीच्या हातातून काठी पडली. मी तिथेच थांबले, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. पुढे तू म्हणालीस की कोंबडी माझी एकटीची, या दोघींना ठाऊकच नव्हतं. कासुबाने तोंड उघडलं तशी तू तिच्या पायावर पाय दिलास. (माझ्या पायावर कोणी पाय दिला नव्हता. तरी मी गप्प बसले.) तुला तीन महिने घरी पाठवलं. त्यामुळे तू मागच्या तुकडीत गेलीस, आणि तिघींनी एकाच हॉस्पिटलात नेमणूक मागायची, एकच घर घ्यायचं, हे सगळं राहिलं. तू परत आलीस ती खोली बदलून मागूनच. त्या शनिवारच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, कासुबाला मेट्रनने ऑफिसात बोलावलं होतं, ती लाल डोळ्यांनी परत आली आणि कोणाशी बोलली नाही, हे तू पाहिलं होतंस. त्यावरून चुगली तिनेच केली असं तू धरलंस ते आजपर्यंत धरून आहेस. तुझ्या-माझ्यात काही झालं असतं तर दोन शिव्यांत मिटलं असतं, सोयरीकच आहे. बेम्बांशी तुमची तशी सोयरीक नाही, म्हणून ते भांडण खरं झालं. माझ्या लग्नात तुम्ही दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसलात आणि मी नवरी असून ताटं घेऊन मधे फिरत होते.

आता ज्यासाठी हे लिहिलं ते. हसणं ओसरल्यावर कासुबा बसल्या जागेवरून बोलली, मोठ्याने नाही. "त्या शुक्रवारी मेट्रनने मला बोलावलं ते माझी मावशी गेल्याची चिठ्ठी द्यायला. मला वाढवलेली मावशी. रात्रपाळी झाल्यावर चूल्वेला सांगीन म्हटलं होतं. सकाळी हे झालं. नंतर तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अडतीस वर्षं झाली."

कोणीतरी ढोल वाजवला. माझ्या ताटात कोंबडीची तंगडी होती, ती मी खाल्ली.

तर कासुबाने चुगली केली नव्हती, हे तुला कळावं. मग कोणी केली, असं तू विचारशील. मेट्रन सिकाझ्वे वारल्या, देव त्यांना शांती देवो, आता सांगणार कोण? घरच्यांना, गुरांना, सगळ्यांना माझा आशीर्वाद.

तुझी थट्टेची वहिनी,
नामाकाऊ

ता. क. मी केली. त्या आठवड्यात मी मलेरियाने आजाऱ्यांच्या खोलीत होते, म्हणून तू माझ्यावर कधी संशय घेतला नाहीस. उलट, "हिला तापात शुद्ध नव्हती," असं सगळ्यांना सांगितलंस. शुद्ध होती. गुरुवारचं अंडं तक्त्याप्रमाणे माझं होतं. कासुबाची दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून तू ते तिला दिलंस, हे मला भांडी न्यायला आलेल्या बाईने सांगितलं. संध्याकाळी मेट्रनने कपाळावर हात ठेवून विचारलं, "काय होतंय, पोरी?" आणि मला रडू फुटलं. मी अंड्याची तक्रार केली, कोंबडीची नाही. पण मेट्रन पंचवीस वर्षं नर्स होत्या, अंडं कुठून येतं हे त्यांना कळत होतं. शनिवारी मला खोलीवर सोडलं आणि तासाभराने त्या आल्या. रविवारी, अशक्तपणा आहे म्हणून त्यांनी मला त्यांच्या घरी नेऊन वाटीभर सूप पाजलं. कशाचं, ते मी विचारलं नाही. सूप चांगलं होतं.

ता. क. दोन. कासुबाला मी हे पार्टीच्या दुसऱ्या सकाळी सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. शेवटचं भांडं पालथं घालून म्हणाली, "सूपसुद्धा प्यायलीस?" मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण जेवायला वेळेवर वाढलं. बसपाशी शेंगदाण्याची पुरचुंडी हातात ठेवून म्हणाली, "चूल्वेला मी नाही सांगणार. तू सांग. आणि लिहून दे, तिच्याकडे पुरावा राहील." पुरावा वर आहे. बुपेचं लग्न पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी लुसाकाला आहे. पाहुण्यांच्या घरात मी तीन पलंगांची एक खोली सांगून ठेवली आहे. मोंझेहून तुला तीन तास लागतात, मला अख्खा दिवस, तेव्हा गाईंचं कारण सांगू नकोस. माझ्याशी भांडायला ये. चार लोकांत भांड, मी बोलणार नाही. पण आधी तिच्याशी दोन शब्द बोल. तेवढ्यासाठीच बोलावते आहे, बाकीचं पत्र उगाच लिहिलं.

ता. क. तीन. तुला कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायची खोड आहे, पेशंटचा केसपेपरसुद्धा तू तसाच वाचायचीस. तेव्हा हेच आधी वाचत असशील तर वरचं सगळं तुला अजून माहीत नाही, आणि या घटकेला तुझं माझ्यावर प्रेम आहे. तशीच थोडा वेळ बस. चहा घे. मग पहिल्या पानाकडे जा.