पांढऱ्या अक्षरांचे टायर

आई, तुझ्या गाडीला टायर मिळत नाहीत. गेले चार महिने शोधतेय आणि आता मी अगदी मेटाकुटीला आले आहे. तू जाऊन अकरा वर्षं झाली, तरी तुझी ती दोन दरवाज्यांची, लांबलचक नाकाची अमेरिकन गाडी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आपल्या डब्यांच्या किचनच्या मागे, शेडखाली उभीच आहे. बाबा विकू देत नाहीत आणि मला ती चालवायची हौस नाही. त्यात आता जागेच्या मॅनेजमेंटची नोटीस आली: रजिस्ट्रेशन संपलेली गाडी आवारात ठेवता येणार नाही, पासिंग करून घ्या, नाहीतर टो करून नेऊ. दोनदा मुदत वाढवून घेतली. इंजिन सुरू झालं, ब्रेक झाले, दिवे झाले. अडलं ते टायरवर. पाच वर्षांपेक्षा जुना टायर इथे पासिंगला चालत नाही, आणि तुझ्या टायरांना तर सुरकुत्या पडून भेगा गेल्या आहेत.

तुला साधे टायर चालायचे नाहीत, हे मला लहानपणापासून पाठ. नायलॉनचेच हवेत, तिरप्या धाग्यांचे, जाड, गुबगुबीत, आणि बाजूला ठळक पांढरी अक्षरं. हल्लीचे रेडियल नको म्हणजे नको. म्हणून मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात दुकानं पालथी घातली. तिथे आता सगळीकडे पापडासारखे पातळ टायर, मोठाल्या चाकांचे. तुझ्या मापाचं नाव काढलं की पोरं हसतात. शेवटी एक म्हातारा मलबारी दुकानदार भेटला, त्याला तुझी गाडी आठवत होती. "वो टिफिनवाली मॅडम? यल्ला, वो टायर तो खलास. कंपनी ने बनाना बंद किया. अमेरिका से मंगाओ." अमेरिकेत तसे टायर हौशी लोकांसाठी कोणीतरी अजून थोडेफार बनवतं म्हणे. विचारलं, तर जहाजाने तीन महिने, आणि शिल्लक असलेला माल आधीच साडेचार वर्षांचा जुना. म्हणजे गाडीला लागेपर्यंत पुन्हा बाद व्हायची वेळ! लेक म्हणाली, "मॉम, जस्ट सेल इट. इट्स अ कार." तिला काय सांगू? "ही कार नाही, तुझ्या आजीचा हट्ट आहे," असं म्हटलं. तिने खांदे उडवले.

आणि हट्ट तरी कसला! जुन्या दुबईत, करामातल्या दोन खोल्यांत तू पहाटे चारला उठून पोळ्या लाटायचीस, सातपर्यंत चाळीस डबे भरायचीस. शेजारच्या काकू म्हणायच्या, एक जपानी व्हॅन घे, मागचं दार उघडलं की डबे आत. आणि तू वाहतुकीला काय निवडलंस, तर शर्यतीत पळवायची गाडी. पुढची सीट दुमडायची, कंबर वाकवायची, आमटीचं पातेलं तिरकं करून मागे सरकवायचं. मी आठ-नऊ वर्षांची, मागे डब्यांच्या मध्ये कोंबलेली, मांडीवर लोणच्याची बरणी. रात्रभर उभं राहून त्या टायरांना खालून चपटेपणा यायचा, त्यामुळे सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी धबधब धबधब उडत चालायची. टायर गरम झाले की मग गप्प व्हायची. तू स्टीअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसलेली, ओठ मिटलेले. कॉन्ट्रॅक्टिंग कंपन्यांच्या ऑफिसांसमोर गाडी थांबली की माणसं खिडक्यांतून बघायची. साडी नेसलेली बाई त्या गडगडणाऱ्या गाडीतून उतरते आणि "भय्या, डिब्बा" म्हणून हाक मारते! मला लाज वाटायची. एकदा पावसाची भुरभुर झाली आणि राउंडअबाउटवर गाडीची शेपटी फिरली. आपण उलट्या तोंडाने उभे. आमटी सगळी मागच्या सीटवर. तू खाली उतरलीस, चारही बाजूंनी गाडी बघितलीस आणि म्हणालीस, "गाडीचा दोष नाही, रस्ताच ओला होता." तो हिंगाचा वास उन्हाळाभर गेला नाही. आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, बिल्डिंगखाली बादली घेऊन बसायचीस, भांड्यांच्या पावडरने, जुन्या दातांच्या ब्रशने एकेक पांढरं अक्षर घासायचीस. वर बाल्कनीत बाबा चहा पीत उभे. ते कधी खाली यायचे नाहीत. मला त्यांचाही राग यायचा.

मग तो दिवस. मला नोकरी लागली, पहिला पगार झाला. मी तुला साडी घेतली नाही. मी चार साधे काळे रेडियल टायर घेतले. तू घरी नसताना गाडी दुकानात नेऊन बसवून आणले, कारण ती राउंडअबाउटवरची गिरकी माझ्या डोक्यातून गेली नव्हती. शुक्रवार होता, बिल्डिंगमधली निम्मी माणसं खालीच होती. तू आलीस. तुझा हात टायरवरून फिरला, हे मी बघितलं. तुझा चेहरा क्षणभर सैल झाला, हेही बघितलं. मग तू वर बाल्कनीकडे पाहिलंस. आणि वळून माझ्यावर कडाडलीस, "गाडी माझी आहे. तुला कोणी विचारलं होतं? आत्ताच्या आत्ता काढून आण." सगळ्यांच्या देखत. मी रडत रडत ते टायर काढून जुने परत बसवून आणले. तू नवे कुणा टॅक्सीवाल्याला देऊन टाकलेस. त्यानंतर सहा वर्षं मी त्या गाडीत बसले नाही. तू बोलावलंस तरी बसमधून गेले. तुझ्या शेवटच्या आजारपणात किचन माझ्याकडे आलं तेव्हासुद्धा गाडीच्या किल्लीला मी हात लावला नव्हता.

तर गेल्या मंगळवारी मी अशीच वैतागून डिस्कव्हरी गार्डन्सला घरी आले. बाबा आता आमच्याकडेच असतात, चौऱ्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं पण हवं ते बरोबर येतं. मी पर्स आदळली आणि म्हणाले, "आईच्या हट्टापायी माझे चार महिने गेले. मेल्यावरसुद्धा या बाईचं ऐकायचं का मी?" बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "हट्ट तिचा नव्हता गं."

मग हळूहळू सगळं निघालं. ते ड्राफ्ट्समन होते त्या कंपनीतला अमेरिकन इंजिनिअर ती गाडी चालवायचा. बाबांचं टेबल खिडकीपाशी. रोज सकाळी तिचा आवाज आला की पेन्सिल थांबायची. तो माणूस कायमचा परत निघाला तेव्हा बाबांनी तुला न विचारता गाडी घेतली. तू व्हॅनसाठी साठवत होतीस त्या पैशांतून. लायसन्स नव्हतं, पण काढू म्हणाले. नऊ वेळा टेस्ट दिली, नऊ वेळा नापास. तू दुसऱ्या खेपेला पास झालीस. "करामातली माणसं हसली असती मला," बाबा म्हणाले, "म्हणून तिने सगळ्यांना सांगितलं, मलाच हवी होती ही गाडी. मी म्हटलं, पांढरी अक्षरं तेवढी ठेव. तेवढीच ठेव. तर तिने जन्मभर ठेवली." मी विचारलं, "आणि टायर?" "टायरचा तर तिला राग होता, पण त्या मापात पांढरी अक्षरं त्याच टायरांवर यायची. म्हणायची, रस्त्यावरच्या प्रत्येक भेगेमागे पळते मेली गाडी, ओढून ओढून आणावी लागते. मनगट त्यापायीच गेलं तिचं." आणि मी समजत होते की तुझं मनगट पोळ्या लाटून गेलं! रोज संध्याकाळी तेल लावून मीच चोळायची ना ते? तेव्हा तुझ्या तोंडून एक शब्द नाही.

आई, काय म्हणू मी तुला? एक वाक्य बोलली असतीस. एकच. वर जाऊन, दार लावून, कानात सांगितलं असतंस की टायर छान आहेत, पण बाबांचा चेहरा पडला. मी वीस-बावीस वर्षांची होते, मूर्ख नव्हते. बाबांवर मी रागावले नाही, कारण ते सांगता सांगता रडायला लागले आणि मला त्यांना पाणी द्यावं लागलं. राग सगळा तुझ्यावरच येतो. नवऱ्याचं हसं होऊ नये म्हणून बाईने जन्मभर चुकीची गाडी हाकायची, आणि मुलीला मात्र सगळ्या बिल्डिंगसमोर ओरडायचं. हा कुठला न्याय? इतकं कोणी सांभाळायला सांगितलं होतं तुला?

दुसऱ्या दिवशी बाबांनीच सांगितलं, "रेडियल टाक." मलबारी दुकानदाराने मापाच्या जवळचे, साधे काळे टायर दोन दिवसांत आणून दिले, कुठेही पांढरं अक्षर नाही. जुने चार काढले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, ये अब किसी को नहीं मिलेगा." मला वाटलं होतं, सुटले म्हणून हायसं वाटेल. वाटलं नाही. दुकानाबाहेर त्यांची चळत रचलेली होती आणि मी उगाच तिथे घुटमळत राहिले. पासिंग झालं. रविवारी सकाळी बाबांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि करामापर्यंत नेऊन आणलं.

हे मी डायनिंग टेबलावर बसून लिहितेय. समोर बाबा पेपर वाचतायत, मधेच विचारतात, काय लिहितेस एवढं? पुढच्या आठवड्याचा मेनू, असं म्हणते. हे पत्र त्यांच्या हाती पडता कामा नये, म्हणून लिहून झालं की फाडणार आहे, कारण एक गोष्ट फक्त तुला सांगायची आहे. त्या दिवशी गाडी रस्त्यावरचा पट्टा धरून सरळ गेली. धबधब नाही, ओढाओढ नाही, वळणावर तर पाण्यासारखी वळली. मला इतकी मजा आली की मी मोठ्याने हसणार होते. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "कशी चालतेय?" त्यांच्या आवाजात काहीतरी होतं.

मी म्हटलं, "ठीक आहे, बाबा. पण जुन्या टायरांची मजा नाही."

"बघ!" ते म्हणाले आणि खूश होऊन काचेबाहेर बघायला लागले. मी खोटं बोलले, आई. आणि विचारही करावा लागला नाही.