घाम आला म्हणून

आई,

हे झोपलेत. खरोखरच झोपलेत, परवापर्यंत मी खोलीत आले की नुसते डोळे मिटून घ्यायचे. लकवा होऊन वर्ष होत आलं, उजव्या हातात अजून जोर नाही. मुख्याध्यापिका असताना शाळा चालवली, तसंच मी त्यांचं आजारपण चालवायला घेतलं. सकाळी व्यायाम, दुपारी रबरी चेंडू दाबणं, संध्याकाळी पुन्हा व्यायाम, आणि प्रत्येक वेळी तपासणी. काल बोट किंचित वळलं होतं, मग आज का नाही? डॉक्टर आता त्यांच्याआधी माझंच बीपी बघतात आणि ताण घेऊ नका म्हणतात. देवळातल्या महिला मंडळात निष्काम कर्म मात्र मीच समजावून सांगते. फळावरची नजर काढा, ताण आपोआप उतरतो. छान सांगता, असं सगळ्या म्हणतात.

खापरखेड्याचं आपलं क्वार्टर आठवतं. आजीलाही लकवाच झाला होता, आणि तिची आशा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सोडली होती. तू तिची चादर धुऊन दोरीवर टाकतेस, पॉवर हाउसची राख त्या चादरीवर बसते, तू झटकतेस, पुन्हा पाण्यातून काढतेस. मी नागपूरच्या कॉलेजातून सुट्टीत आलेली, दारात उभी. तू आजीची मान पुसते आहेस आणि ती वाकड्या तोंडानं म्हणते, "किती घासतं वं? माहं लगन हाये का आज?"

"नवरदेव भेटू द्या, लावून टाकू," तू म्हणतेस, आणि दोघी हसत सुटता. मला त्या हसण्याचा रागच येतो.

"काहून एवढं करून राहिली आई? ती उठणार आहे का त्यानं?"

तू मान वळवत नाहीस. "उठवासाठी थोडीच पुसून राहिली मी? घाम आला, म्हणून पुसून राहिली."

मला ते उत्तरच वाटलं नाही. पुढे मी पुष्कळ वाचलं, मोठे शब्द शिकले, पण तू ती वर्षं कशी काढलीस, तुला झोप कशी लागायची, हे विचारायला कधी बसले नाही. आज तू नाहीस, आणि मला नेमकं तेवढंच विचारायचं आहे.

परवा चेंडू घेऊन गेले, तर हे अडखळत म्हणाले, "मॅडम, आज पेपर नका घेऊ. नापासच आहो मी." मला आधी हसू आलं. मग पाहिलं, ते हसत नव्हते. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस मला कधी भ्यायला नव्हता.

चेंडू मी कपाटात टाकला. व्यायाम आता फिजिओथेरपीवाली बाई घेते, मी बाहेर थांबते. आज दुपारी गॅलरीतल्या उन्हात खुर्ची ओढून मी फक्त त्यांची नखं काढली. वाढली होती, म्हणून. शेजारच्या कुत्र्यावरून ते काहीबाही बोलत राहिले, बऱ्याच दिवसांनी आपणहून. मलाही हलकं वाटलं.

हे कागदावरच राहणार आहे, म्हणून खरं सांगते. उजव्या हाताचं एकेक बोट, नख काढून झाल्यावरही, मी लगेच सोडत नव्हते. ते आपणहून माझं बोट धरतं का, याची वाट बघत होते.