घरची खबर आधी कोणाला द्यावी

मी, तानाबाई भागवत चिंचोले, वय ७२, राहणार धाड, जिल्हा बुलढाणा, पूर्ण भानावर असताना, कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने नव्हे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके शाबूत आहे, थकले आहे ते बाकीचे.

१. यापूर्वी टोरांटोत केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातले एक कलम विशेष करून रद्द करते. कारण पाचव्या कलमात आहे.

२. बँकेतील शिल्लक व दागिने मुलगी अनुपमा हिला द्यावेत. ती टोरांटोतच असते. तिच्या लहानपणीचे सगळे रविवार मी खाल्ले. लोणच्याच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणे लावून साठवलेल्या पैशांतून १९८९ साली मी तिथल्या रेडिओवर रविवारचा एक तास विकत घेतला आणि 'घरची खबर' हा मराठी कार्यक्रम सुरू केला. पुढे साप्ताहिक काढले, मग स्वतःचे रेडिओ केंद्र. तानाबाई हे नाव गावंढळ वाटते, बदला, असे पुष्कळांनी सुचवले. बदलले नाही. पोर स्टुडिओतल्या सतरंजीवर झोपून मोठी झाली. पैशाने ते फिटत नाही, हे मला कळते.

३. धाडचे घर, मायक्रोफोन व रेकॉर्डर समीक्षाला द्यावेत. ती माझे थोरले बंधू नारायणराव यांची नात. मोबाइलवरून बाजारभाव सांगते, चांगले सांगते, पण फार भरभर. मध्ये श्वास घ्यावा.

४. रेडिओ केंद्र काढल्याबद्दल मला मिळालेले सन्मानचिन्ह जाहिरातदार गुलाबराव यांना पाठवावे. रेडिओ आपणच काढला, असे ते तीस वर्षे सांगत आले आहेत. आता पुरावाही असू द्या.

५. 'घरची खबर'मध्ये शेवटची पाच मिनिटे निधनवार्ता असत. श्रोते फॅक्सने पाठवत, मी वाचत असे. १९९८ साली दिवाळीच्या रविवारी, कार्यक्रम थेट सुरू असताना, असाच एक कागद हाती आला. वाचत गेले, 'धाड येथील अन्नपूर्णाबाई वाघ यांचे आठ दिवसांपूर्वी निधन झाले.' ती माझी आई. पाठवणाऱ्याला वाटले, मला ठाऊकच असेल. माझा आवाज हलला नाही. लगेच पुढची जाहिरातही वाचली. तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता, आता लाज वाटते.

नारायणरावांना फोन केला. ते म्हणाले, "तुले सांगतलं असतं त सुतक लागलं असतं. तुहा दिवाळीचा कार्यक्रम बुडाला असता." सुतक ऐकल्यापासून धरतात, म्हणून त्यांनी माझ्या कानावरच येऊ दिले नाही. मी फोन ठेवला. सत्तावीस वर्षे बोलले नाही. धाडला परत येऊन चार वर्षे झाली, एकाच गल्लीत राहतो, तरी नाही.

माझ्या मरणाची खबर नारायणरावांना तेरावे उरकल्यावर द्यावी, असे जुन्या मृत्युपत्रात लिहिले होते. तेच कलम काढून टाकते. वैर धरायलाही अंगात बळ लागते, ते राहिले नाही. त्यांनी मायेपोटी चूक केली, हे मला तेव्हाही कळत होते. माझी खबर सर्वांत आधी त्यांना द्यावी, अनुपमाच्याही आधी. फोनवर नको. घरी जावे, त्यांना खाली बसवावे, मग सांगावे.

६. नारायणरावांना मालमत्तेतले काही देत नाही. साक्षीदार म्हणून त्यांची सही घ्यावी. वकील सांगतात, मी सही करताना साक्षीदाराला समोर बसावे लागते. म्हणजे त्यांना यावेच लागेल.

वरील मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवला व खालील दोघांसमोर सही केली.

ठिकाण: धाड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) तानाबाई भागवत चिंचोले

साक्षीदार:
१. (सही) अविनाश तायडे, शेजारी
२. (सही) नारायणराव वाघ, थोरले बंधू

ता. क. सही करण्याआधी नारायणराव एवढेच म्हणाले, "पाचवं अजून एक डाव वाच, ताने." वाचायला घेतले. आईच्या नावापाशी माझा आवाज गेला. पुढचे त्यांनी वाचले.